चांदीवर कोरलेली गावं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चांदीचं आणि आपल्या घरांचं नातं जुनं आहे. बाळाच्या बारशाला वाटी-चमचा, लग्नात करंडा आणि तबक, देव्हाऱ्यात निरांजन आणि पंचपात्री. वर्षभर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली ही भांडी गौरी-गणपतीला, दिवाळीला बाहेर येतात, घासूनपुसून लखलखीत होतात आणि सण संपला की पुन्हा कपाटात जातात. आणि घरावर कठीण वेळ आली, तर तीच भांडी मुकाट्यानं सोनाराच्या तराजूत बसतात. म्हणजे चांदी ही शोभाही असते आणि गाठीला बांधलेला आधारही.

ज्यू लोकांच्या घरांत आणि प्रार्थनामंदिरांतही चांदीला हेच स्थान आहे. पण त्यांच्या जुन्या चांदीला आणखी एक बाजू आहे. ज्या वस्त्यांनी ती घडवून घेतली, वापरली, पुढच्या पिढीच्या हाती दिली, त्यांतल्या कितीतरी वस्त्या आज पृथ्वीच्या पाठीवर नाहीत. वस्तू मात्र आहेत. न्यूयॉर्क, प्राग, जेरुसलेम, लंडन इथल्या संग्रहालयांत काचेच्या कपाटांमागे त्या मांडलेल्या दिसतात. त्या कशासाठी होत्या, कुणी घडवल्या आणि तिथवर कशा पोहोचल्या, हे आज आपण पाहणार आहोत.

हात न लावायचा ग्रंथ

या साऱ्या चांदीच्या केंद्रस्थानी आहे तोरा. ज्यूंच्या धर्मग्रंथाचे पहिले पाच भाग म्हणजे तोरा. सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोरा छापील पुस्तकाच्या रूपात नसते. चर्मपत्राचे तुकडे एकमेकांना शिवून त्यांची लांबच लांब गुंडाळी करतात आणि त्यावर लेखनिक बोरूनं एकेक अक्षर लिहितो. अक्षरं तीन लाखांच्या वर. एक अक्षर चुकलं किंवा पुसलं गेलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनासाठी चालत नाही. लिहायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. ती इतकी जीर्ण झाली की वाचता येईनाशी झाली, तर तिला टाकून देत नाहीत. माणसासारखं जमिनीत पुरतात.

अशा ग्रंथाला उघड्या बोटानं स्पर्श करायचा नाही, असा दंडक आहे. मग ओळीवरून बोट फिरवत वाचायचं कसं? त्यासाठी चांदीची एक बारीक काठी असते. तिच्या टोकाला इवलासा हात आणि त्या हाताचं एक बोट पुढं केलेलं. तिला म्हणतात ‘याद’. हिब्रू भाषेत याद म्हणजे हात. वाचणारा ते बोट ओळीवरून सरकवत नेतो.

गुंडाळी ज्या दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली असते, त्यांच्या वरच्या टोकांवर चांदीचे दोन कळस चढवतात. त्यांना म्हणतात ‘रिम्मोनीम’, म्हणजे डाळिंबं. पुष्कळदा त्यांना बारीक घंटा लावलेल्या असतात. ग्रंथ पेटीतून काढून सभेतून मिरवत नेला जातो, तेव्हा त्यांचा किणकिण आवाज होतो आणि लोक उठून उभे राहतात. काही ठिकाणी या कळसांऐवजी दोन्ही दांड्यांवर मिळून एकच मुकुट बसवतात. ग्रंथ हा जणू राजा, म्हणून त्याला मुकुट.

युरोपातल्या ज्यूंमध्ये गुंडाळीला मखमलीचा अंगरखा घालतात आणि त्यावर साखळीनं चांदीची पाटी अडकवतात. या पाटीवर दोन सिंह, दोन खांब, मुकुट अशी नक्षी असते. पण तिचं काम नुसतं शोभेचं नाही. काही सणांना तोरामधले दोन वेगवेगळे भाग वाचायचे असतात. भर सभेत लांबलचक गुंडाळी उलगडत बसायला नको, म्हणून निरनिराळ्या गुंडाळ्या योग्य जागी आधीच लावून ठेवतात. कोणती कशासाठी, हे ओळखायला या पाटीत एक खाच असते आणि तिच्यात ‘शब्बाथ’, ‘वल्हांडण’ अशी नावं कोरलेल्या छोट्या पट्ट्या बदलून बसवता येतात. एवढा थाट एका साध्या खुणेच्या चिठ्ठीसाठी!

असा थाट का? देवाची आज्ञा पाळायची, तर ती देखण्या रीतीनं पाळावी, असं ज्यू परंपरा मानते. पेला कोणताही चालेल, पण परवडत असेल तर सुंदर घ्यावा. दिवा मातीचाही चालतो, पण जमलं तर चांदीचा लावावा.

घरातला शनिवार

सिनेगॉगइतकाच घरही ज्यूंच्या धर्माचरणाचा भाग आहे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी घरची बाई दिवे लावते आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. मग चांदीच्या पेल्यात द्राक्षारस ओतून त्यावर आशीर्वाद म्हणतात. या विधीला म्हणतात ‘किद्दूश’. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी यातून आपला मार्ग काढला. इथं वारुणी कुठून आणायची? त्यांनी मनुका भिजवून त्यांचं सरबत केलं आणि त्यावर किद्दूश म्हटला. आजही ही पद्धत चालू आहे.

शनिवारी रात्री तारे दिसले की शब्बाथ संपतो. त्याला निरोप द्यायचा तो सुगंधानं. एका डबीत लवंग, दालचिनी असे मसाले ठेवतात आणि ती डबी घरातल्या सगळ्यांच्या हाती फिरते. प्रत्येकानं वास घ्यायचा आणि पुढच्या माणसाकडे द्यायची. मध्य युरोपात या डबीला मनोऱ्याचा आकार आला. खिडक्या, दारं, टोकाला फडकतं निशाण, कधी कधी पहारेकरीसुद्धा! मसाले त्या काळी हिंदी महासागर ओलांडून येत, फार महाग असत आणि गावच्या बळकट बुरुजात ठेवले जात, म्हणून हा आकार आला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. चांदीच्या बारीक तारा वळवून केलेलं असं जाळीकाम पाहिलं, तर आपल्याकडच्या तारकामाच्या अत्तरदाण्यांची आठवण होते.

आणखी एक डबी सांगायलाच हवी. सुक्कोथ नावाच्या सणात एक फळ हातात धरून प्रार्थना करतात. ते फळ म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. या फळाच्या टोकाला असलेला नाजूक देठासारखा भाग मोडला, तर ते विधीला चालत नाही. म्हणून त्याला मऊ तागात गुंडाळून डबीत ठेवतात. जर्मनी, ऑस्ट्रिया या भागांतल्या श्रीमंत घरांनी त्यासाठी चक्क साखरेच्या चांदीच्या डब्या वापरल्या. बाजारात मिळणारी वस्तू घरी आणली आणि तिला नवं काम दिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं आपल्याला तो उपयोगी पडणार आहे.

घडवणारे हात

आता एक गंमत पाहा. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात सतराव्या-अठराव्या शतकात ज्यूंच्या विधींसाठी घडवलेली अप्रतिम चांदी आज संग्रहालयांत आहे. ती घडवणारे कारागीर मात्र ज्यू नव्हते. योहान व्हॅलेंटिन श्यूलर, यिरेमियास त्सोबेल ही त्यांतली गाजलेली नावं, आणि हे दोघेही ख्रिस्ती.

याचं कारण त्या काळच्या समाजरचनेत आहे. सोनारकाम करायचं, तर शहरातल्या सोनारांच्या संघाचं सभासद असावं लागे, आणि ज्यूंना त्या संघात प्रवेश नव्हता. फ्रँकफर्टच्या ज्यूंना एका अरुंद गल्लीत दाटीवाटीनं राहावं लागे. तिथून गिऱ्हाईक ख्रिस्ती सोनाराकडे जाई, त्याला हिब्रू अक्षरं कागदावर काढून देई आणि सोनार ती चित्रासारखी बघून बघून चांदीत उतरवी. कधी कधी त्याचा घोटाळा होई आणि सारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांची अदलाबदल होई. ज्या माणसाला शेजारी म्हणून राहू द्यायचं नाही, त्याच्या देवघरासाठी मन लावून काम करायचं, असा तो व्यवहार होता.

अमेरिकेत चित्र वेगळं होतं. न्यूयॉर्कमध्ये मायर मायर्स (१७२३ ते १७९५) हा ज्यू चांदीकारागीर होऊन गेला. त्यानं सिनेगॉगसाठी रिम्मोनीम घडवले, ख्रिस्ती चर्चसाठी भांडी घडवली आणि शहरातल्या धनिकांसाठी जेवणाच्या मेजावरची चांदीही घडवली. त्याचे रिम्मोनीम न्यूपोर्ट आणि फिलाडेल्फिया इथल्या सभांनी जपून ठेवले.

येमेनमध्ये तर पारडं पूर्ण उलटं होतं. तिथं चांदीकाम हे प्रामुख्यानं ज्यूंच्याच हाती होतं. मुसलमान नवरीच्या गळ्यातले दागिने आणि पुरुषांच्या कमरेला लटकणाऱ्या खंजिरांच्या म्यानांवरचं चांदीकाम ज्यू कारागीर करत. बारीक तार आणि त्याहून बारीक रवे यांचं त्यांचं काम आजही नावाजलं जातं. १९४९-५० मध्ये सुमारे ४९ हजार येमेनी ज्यू विमानांनी इस्राएलला गेले. त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची ही कलाही त्या देशातून निघाली.

इराकमध्ये तोरा ठेवण्याची तऱ्हाच निराळी. तिथं कापडाचा अंगरखा नाही. गुंडाळी एका उभ्या, गोल, लाकडी पेटीत ठेवतात आणि त्या पेटीवर चांदीचा पत्रा मढवलेला असतो. पत्र्यावर ठोकून उठवलेली फुलं, वेली आणि कडेनं हिब्रू लेख. पेटी पुस्तकासारखी उघडते आणि ग्रंथ मेजावर आडवा न ठेवता उभाच वाचतात. या पेटीला म्हणतात ‘तिक’.

मुंबई, पुणे आणि कोकण

ही तिक पाहायला बगदादला जायची गरज नाही. तीच पद्धत आपल्या महाराष्ट्रात नांदते आहे. एकोणिसाव्या शतकात बगदादहून डेव्हिड ससून आणि त्यांच्यासारखी अनेक कुटुंबं मुंबईत आली. त्यांच्या घराण्यानं भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू (१८८४) आणि पुण्याचं ओहेल डेव्हिड ही सिनेगॉगं बांधली. पुणेकर ओहेल डेव्हिडला ‘लाल देऊळ’ म्हणतात. लाल विटांचा उंच मनोरा आणि ‘देऊळ’ हे नाव, यातच सगळं आलं.

पण बगदादी येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात बेने इस्राएल होते. नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर. भाषा मराठी. वल्हांडण सणाच्या विधीचं ‘हग्गादा’ हे पुस्तक १८४६ मध्येच मुंबईत मराठी भाषांतरासह छापलं गेलं होतं.

या समाजाचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं. त्याचं नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचं दार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि लोकलच्या मस्जिद स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. इथंही तोरा उभ्या पेटीत ठेवतात आणि तिच्या माथ्यावर रिम्मोनीम असतात. दक्षिणेत कोचीनला १५६८ च्या परदेशी सिनेगॉगमध्ये तोरासाठी सोन्याचे मुकुट आहेत, आणि ते तिथल्या राजांनी भेट दिल्याचं सांगतात. फ्रँकफर्टच्या त्या अरुंद गल्लीशेजारी हे ठेवून पाहिलं, म्हणजे दोन ठिकाणच्या शेजारधर्मातला फरक कळतो.

चांदी वाचायची कशी?

जुनी वस्तू हातात आली, तर तिचं वय आणि गाव कसं ओळखायचं? हल्ली आपण दागिना घेताना हॉलमार्क पाहतो. युरोपात ही पद्धत कित्येक शतकं आहे. शहराचा शिक्का, कारागिराचा शिक्का आणि चांदीच्या कसाचा आकडा भांड्याच्या तळाशी किंवा कडेला उमटवलेला असतो. ऑग्सबर्ग शहराची खूण म्हणजे देवदाराच्या फळासारखा आकार. जर्मनीत शुद्ध चांदीचे सोळा भाग धरत. ‘१३’ असा आकडा असेल, तर सोळापैकी तेरा भाग चांदी. रशियात शहाण्णव भाग धरत. ‘८४’ म्हणजे शहाण्णवांपैकी चौऱ्यांशी, आपल्या हिशेबानं साडेसत्याऐंशी टक्के.

दुसरी खूण म्हणजे हिब्रू लेख. हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत. ‘कूफ’ म्हणजे १००, ‘तव’ म्हणजे ४००. ज्यू कालगणना जगाच्या उत्पत्तीपासून चालते. २०२४ च्या पानगळीत तिचं ५७८५ वं वर्ष लागलं. लेखात हजाराचा आकडा सहसा गाळतात. म्हणजे तव आणि कूफ ही दोन अक्षरं असतील, तर बेरीज ५००, त्यात १२४० मिळवले की इसवी सन १७४०. त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्यानं एखाद्या वर्षाचा फरक पडतो. काही कारागीर याहून चतुर. ते धर्मग्रंथातलं एखादं वचन कोरतात आणि त्यातल्या ठरावीक अक्षरांवर ठिपके देतात. त्या अक्षरांची बेरीज करा, साल निघतं. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांमध्ये शब्दांत गुंफलेले शक असतात, तसंच हे.

आणि तिसरी खूण, माझ्या मते सगळ्यांत मोलाची, म्हणजे दात्याचं नाव. अमक्याचा मुलगा अमका आणि त्याची बायको अमकी यांनी, गेलेल्या लेकराच्या स्मरणार्थ, अमक्या गावच्या सभेला हा मुकुट दिला. असे लेख पाहिले की जाणवतं, की ही भांडी कुणा एकाच्या मालकीची नव्हती. गावातला गरीब आणि श्रीमंत दोघंही त्याच ग्रंथासमोर उभे राहत आणि दोघंही तो मुकुट आपला म्हणत.

विकायचं की नाही?

सामायिक मालकी आली की प्रश्न आलाच: अडचण आली, तर हे विकता येतं का? ज्यू धर्मशास्त्रानं यावर फार जुन्या काळी विचार करून ठेवला आहे. नियम सोपा आहे. विकायचं असेल, तर त्या पैशातून अधिक पवित्र वस्तू घ्यावी. कमी पवित्र नाही. सिनेगॉग विकून ग्रंथाची पेटी घेता येते, पेटी विकून ग्रंथाची वस्त्रं, आणि चढत चढत शेवटी तोरा. उलटा प्रवास करायचा नाही. तोराच्या वर काहीच नाही. पण त्यालाही अपवाद आहे. कैदेत पडलेल्या माणसांना सोडवायचं असेल, तर प्रत्यक्ष तोरासुद्धा विकता येते. माणसाचा जीव त्या शिडीच्या वर आहे.

विसाव्या शतकात हा अपवाद वापरायची वेळ आली. बाल्टिक समुद्रावरचं डान्झिग हे बंदर, आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क, त्या काळी स्वतंत्र शहर होतं. सत्ता नाझींच्या हाती गेली, तेव्हा तिथल्या ज्यू समाजानं एक निर्णय घेतला: सगळ्यांनी मिळून शहर सोडायचं. त्यासाठी पैसा हवा होता. त्यांनी आपलं मोठं सिनेगॉग, जमिनी, सगळं विकायला काढलं. लेसर गिएल्डझिन्स्की या व्यापाऱ्यानं आयुष्यभर जमवून समाजाला दिलेला विधींच्या वस्तूंचा संग्रह आणि सिनेगॉगमधली चांदी त्यांनी पेट्यांत भरून न्यूयॉर्कला पाठवली. अमेरिकेतल्या ज्यू मदत संस्थेनं त्या बदल्यात लोकांच्या स्थलांतरासाठी पैसा दिला. मे १९३९ मध्ये डान्झिगचं सिनेगॉग पाडायला सुरुवात झाली. जुलैत पेट्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. १ सप्टेंबरला त्याच डान्झिगमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफा डागल्या गेल्या.

पेट्या पाठवताना त्यांनी एक अट घातली होती. पंधरा वर्षांनंतर डान्झिगमध्ये ज्यू समाज सुरक्षित आणि मोकळेपणानं राहत असेल, तर या वस्तू परत द्याव्यात. नसेल, तर अमेरिकेतच ठेवून लोकांना शिकवण्यासाठी वापराव्यात. १९५४ साल उजाडलं, तेव्हा परत मागायला तो समाजच तिथं उरला नव्हता. त्या वस्तू आज न्यूयॉर्कच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत. चांदीच्या बदल्यात किती जण वाचले हे आपण पाहतो, तेव्हा त्या काचेच्या कपाटाकडे नुसतं कलावस्तू म्हणून बघवत नाही.

लुटलेली आणि जपलेली

डान्झिगला निदान स्वतः ठरवता आलं. बाकीच्यांना तेवढीही सवलत नव्हती. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉगं जाळली गेली. पुढच्या फेब्रुवारीत सरकारी हुकूम निघाला, की ज्यूंनी आपलं सोनं-चांदी आणि जडजवाहीर दोन आठवड्यांत सरकारी तारणगृहांत आणून द्यावं. लग्नाची अंगठी आणि जेवणापुरते काटे-चमचे तेवढे ठेवता येत. मोबदला अगदी किरकोळ. किद्दूशचे पेले, शब्बाथचे दिवे पोत्यांत भरून गेले आणि बहुतेक आटवले गेले.

काही वस्तू मात्र वाचल्या. म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयानं अशा वस्तूंपैकी काही त्या वेळी विकत घेतल्या होत्या. त्यांतल्या १११ वस्तू संग्रहालयात राहिल्या होत्या. अलीकडच्या काळात तिथले अभिरक्षक मथियास वेनिगर यांनी त्या कुणाच्या, याचा शोध घ्यायला सुरुवात केली. तारणगृहाच्या चिठ्ठ्या आणि जुन्या याद्या यांवरून नावं काढायची, त्यांचे नातू-पणतू जगभर हुडकायचे आणि वस्तू शक्यतो स्वतः नेऊन द्यायची. एक पेला, एक दिवा. किमतीनं पाहिलं तर फार नाही. पण पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या हातची तेवढी एकच वस्तू उरली आहे.

प्रागची कथा आणखी निराळी. तिथलं ज्यू संग्रहालय १९०६ मध्ये स्थापन झालं, कारण शहरातली जुनी वस्ती पाडली जात होती. १९४२ मध्ये नाझी अमलाखाली बोहेमिया आणि मोराव्हिया या प्रांतांतल्या रिकाम्या झालेल्या ज्यू वस्त्यांमधून पेट्याच पेट्या तिथं येऊ लागल्या. नाझींना ‘नष्ट झालेल्या वंशाचं संग्रहालय’ उभारायचं होतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण तसा काही आदेश कागदोपत्री सापडलेला नाही. या वस्तू एकत्र आणून वाचवाव्यात, ही धडपड खुद्द ज्यू कर्मचाऱ्यांचीच होती. ते दिवसरात्र बसून प्रत्येक मुकुटाची, प्रत्येक यादची नोंद करत होते: कोणत्या गावची, कोणत्या सालची, काय कोरलंय. नोंद करणाऱ्यांनाच एकामागून एक छळछावण्यांत पाठवलं गेलं, आणि त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. पण त्यांच्या नोंदी राहिल्या. त्यांच्यामुळे आज एखादी पाटी अमक्या खेड्यातली आहे, हे सांगता येतं. प्रागमध्ये जमलेल्या तोराच्या गुंडाळ्यांपैकी १५६४ गुंडाळ्या १९६४ मध्ये लंडनला नेण्यात आल्या आणि तिथून जगभरच्या सभांना वापरण्यासाठी दिल्या गेल्या. चांदी प्रागमध्येच राहिली. १९९४ मध्ये ते संग्रहालय सरकारकडून पुन्हा ज्यू समाजाच्या ताब्यात आलं.

युद्धानंतर जर्मनीत अमेरिकी सैन्याच्या हाती जी बेवारस चांदी आणि पुस्तकं लागली, त्यांचं काय करायचं? ती राज्याच्या हक्कानं जर्मन सरकारकडे जाणार होती. हे चुकीचं ठरेल, असं ज्यू विद्वानांनी ठासून सांगितलं. मग इतिहासकार सॅलो बॅरन यांच्या अध्यक्षतेखाली एक संस्था नेमली गेली. तिचं रोजचं काम पाहत होत्या विचारवंत हाना आरेंट. गाव ओळखता आलं तर ठीक. नाहीतर इस्राएल, अमेरिका आणि इतर देशांत जिथं लोक नव्यानं सभा उभ्या करत होते, तिथं वस्तू वाटल्या. दुरुस्त होण्यापलीकडची चांदी आटवण्यावाचून इलाज नव्हता.

या सगळ्याहून जुनं उदाहरण स्पेनच्या मायोर्का बेटावर आहे. तिथल्या पाल्मा शहराच्या कॅथेड्रलमध्ये मनोऱ्याच्या आकाराचे दोन चांदीचे रिम्मोनीम आहेत, पंधराव्या शतकातले. ते मूळ सिसिलीच्या कामराता गावातल्या सिनेगॉगचे. सिसिलीतून १४९२ च्या हुकमानं ज्यूंना हाकललं गेलं, आणि हे कळस चर्चच्या मिरवणुकीतल्या काठ्यांवर बसले. म्हणून वाचले. ज्ञात असलेले सर्वांत जुने रिम्मोनीम आज ख्रिस्ती देवळात आहेत.

खोटं आणि खरं

इतकी मागणी आणि इतका इतिहास म्हटल्यावर नकली माल येणारच. जुन्या पद्धतीची नवी वस्तू घडवून तिच्यावर ‘८४’ चा शिक्का मारणं हा एक प्रकार. दुसरा अधिक लबाडीचा. मघाशी साखरेच्या डबीचं सांगितलं, ते आठवा. खरोखरची जुनी, पण साधी डबी किंवा पेला घ्यायचा आणि त्यावर आजच चार हिब्रू शब्द कोरायचे. चांदी खरी, शिक्के खरे, साल खरं. खोटा आहे तो फक्त लेख. जाणकार मग कोरीव रेषेच्या कडा पाहतात. शंभर-दोनशे वर्षं घासल्या गेलेल्या भांड्यावर अक्षरंही झिजून मऊ झालेली असतात. ताज्या रेषेची कड बोटाला लागते. यात नुकसान नुसतं घेणाऱ्याच्या खिशाचं होत नाही. कधी नसलेल्या सभेचं, कधी नसलेल्या दात्याचं नाव इतिहासात शिरतं, आणि जिथं खरे पुरावे आधीच थोडे आहेत, तिथं हे परवडणारं नाही.

शेवटी पुन्हा आपल्याकडे येऊ. भारतातल्या ज्यूंना इथं धर्मासाठी सहसा कुणी छळलं नाही. तरीही इस्राएल स्थापन झाल्यानंतर बहुतेक कुटुंबं आपणहून तिकडे गेली, आणि आज देशभरात मिळून काही हजार ज्यू उरले आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. मुंबईतलं केनेसेथ एलियाहू दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा नव्या झळाळीनं उघडलं. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा इथली सिनेगॉगं अजून उभी आहेत. पण प्रार्थनेला दहा पुरुष जमले पाहिजेत, ही जुनी अट पुरी करताना काही ठिकाणी ओढाताण होते.

अशा जागी पेटीत एक तिक उभी असते, तिच्या माथ्यावर रिम्मोनीम असतात आणि बाजूला याद ठेवलेली असते. ती संग्रहालयात सुरक्षित राहील, हे खरं. पण दहावा माणूस दारातून आत येतो आणि ती उघडली जाते, तेव्हा घंटा वाजतात. तुमच्या गावात, तुमच्या शेजारात एखादं सिनेगॉग असेल, तर एकदा परवानगी काढून जाऊन या. तिथली मंडळी मराठीतच बोलतील, आणि पत्र्यावर काय कोरलंय ते तुम्हाला वाचून दाखवतील.